कुष्ठजंतूची वंशावळ

पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. अशा रोग्यांविषयी बोलताना ‘पूर्वजन्मीचे पाप’ हे शब्द आपल्याही घरांतून अद्याप ऐकू यावेत, ही खेदाची गोष्ट होय. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांनीच दुसऱ्याचा विटाळ मानावा काय? या रोगाचे कारण जंतू आहे, हे नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ सालीच दाखविले.

रोग्याच्या कुळाची चौकशी करणारे पुष्कळ. शास्त्रज्ञांनी जंतूच्याच कुळाची चौकशी केली. हा जंतू काचेच्या बशीत वाढत नाही, आणि एकाचे दोन होण्यास त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. १९६० साली शेपर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो उंदराच्या तळपायात वाढविला. पुढे आर्माडिलो या कवचधारी प्राण्याचाही उपयोग झाला. २००१ साली तामिळनाडूतील एका रोग्यापासून मिळालेल्या जंतूचा सगळा जनुकसंच वाचला गेला. सुमारे १,६०० जनुके चालती, तर सुमारे १,१०० मोडून पडलेली! क्षयाच्या जंतूशी ताडून पाहता दोघांचा पूर्वज एकच ठरतो. माणसाच्या पेशीत आयता आसरा मिळाला आणि न लागणारी जनुके पिढ्यान्‌पिढ्या निकामी होत गेली. उत्क्रांती म्हणजे नेहमी वरची पायरी, हा समज येथे टिकत नाही.

आता औषधाची गोष्ट पाहा. डॅप्सोन हे औषध प्रथम फार गुणकारी ठरले. परंतु १९६४ साली मलायातील काही रोग्यांचे जंतू उंदरांस टोचून, त्यांना डॅप्सोन देऊन पाहिले, तरीही ते जंतू वाढतच राहिले. औषधाने त्यांना हे शिकविले नव्हते. असंख्य जंतूंत एखाद्याचे जनुक योगायोगाने बदललेले असते. बाकीचे मरतात, तो उरतो आणि त्याचाच वंश वाढतो. डार्विनची नैसर्गिक निवड ती हीच. म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. एकीतून सुटलेला दुसरीत सापडतो.

मात्र औषधे मधेच सोडली तर ही तटबंदी ढासळते. ती का सोडली जातात? पुष्कळदा शेजाऱ्यापाजाऱ्यांस कळेल या भीतीने, सोयरीक मोडेल या धाकाने. हिंदू विवाह कायदा बौद्धांसही लागू आहे. त्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, ते २०१९ साली काढून टाकण्यात आले. तेव्हा घरात कोणाच्या अंगावर सुन्न चट्टा दिसल्यास तो झाकू नका. सरकारी आरोग्य केंद्रात औषध विनामूल्य मिळते. रोगाच्या प्रकारानुसार ते सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते, चट्टा फिका पडला तरीही.