हुतात्मा चौकातले सय्यद कासम

'मराठी माणूस आणि मुसलमान' ही शब्दांची जोडी आमच्या कानांवर सतत पडते. निवडणुकीच्या सभेत पडते, वर्तमानपत्रात पडते, भाड्याने घर शोधताना तर हमखास पडते. आमचा आक्षेप या जोडीतल्या 'आणि'वर आहे. मराठीत जन्मलो, मराठीत शिकलो, मराठीतच भांडतो; तरी 'तुमचं मराठी छान आहे हो!' अशी शाबासकी आम्हांला ऐकावी लागते. घरच्या माणसाला कोणी अशी शाबासकी देतो काय?

या 'आणि'चा निकाल मुंबईच्या हुतात्मा चौकात केव्हाच लागला आहे. इंग्रजांच्या किल्ल्याचा चर्चगेट दरवाजा जिथे होता, तिथे १८६४ साली फ्लोरा या रोमन देवतेचे कारंजे उभे राहिले. मुळात ते भायखळ्याच्या बागेसाठी होते. भोवती बँका आल्या, पेढ्या आल्या. गिरणगावचा कामगार मात्र या साहेबी चौकात आला तो मोर्चा घेऊन. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा बेत शिजत होता. त्याविरुद्ध २१ नोव्हेंबर १९५५ रोजी इथे लोटलेल्या जनसमुदायावर मोरारजी देसाईंच्या सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई पुन्हा रक्ताने भिजली. महाराष्ट्र राज्य १९६० साली झाले. कारंज्याच्या चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले आणि मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचे शिल्प तिथे उभे राहिले.

'१०६ हुतात्मे' हा आकडा शाळकरी पोरांनाही पाठ आहे. नावे कोणी वाचतो का? त्या यादीत सीताराम बनाजी पवार आहेत, तसेच सय्यद कासम आहेत, मुन्शी वझीर अली आहेत. जोसेफ डेव्हिड पेजारकर आहेत, होरमसजी करसेटजी आहेत, चिमणलाल शेठही आहेत. मराठी माणूस कोण, याची याहून नेमकी व्याख्या आम्हांला माहीत नाही. ती रक्ताने लिहिली गेली आहे. ती बदलण्याचा अधिकार कोणत्याही सेनेला, पक्षाला वा परिषदेला नाही.

आणि ही चळवळ महाराष्ट्रभर कोणाच्या आवाजाने पेटली? बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल यांच्या, म्हणजेच शाहीर अमर शेख यांच्या! अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्या जोडीने त्यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले होते. संयुक्त महाराष्ट्रासाठी ते गावोगाव गायले. दलित, मुसलमान आणि ब्राह्मणेतर कष्टकरी एकाच डफावर उभे राहिले, म्हणून मुंबई मिळाली. आज १ मेच्या सरकारी सोहळ्यांत त्या आवाजाला किती मिनिटे मिळतात?

चौकाचेही मुके होणे आम्हांला खुपते. एके काळी हा सारा परिसर बोलता होता. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकविरुद्ध मुंबईतल्या विधिमंडळावर चालून गेल्या. दलवाईंशी आमच्यातल्या अनेकांचे मतभेद होते, आजही आहेत. पण त्या सात जणींना रस्ता मोकळा होता, हे विसरता येत नाही. पुढे १९९७ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दक्षिण मुंबईतली आंदोलने आझाद मैदानापुरती कोंडली गेली. २०१७ साली चौकात खणताना जुन्या ट्रामचे रूळ सापडले. ते जपले गेले. कारंज्याचीही डागडुजी झाली, २०१९ पासून ते पुन्हा थुईथुई नाचू लागले. छानच झाले. रूळ जपणाऱ्या शहराला नावे जपणे जड का जावे?

दुसरा सवाल आमच्याच मोहल्ल्यांना आहे. 'मराठी ही त्यांची भाषा' असे पोरांना शिकवणारे आपल्यातही आहेत. उर्दूवर आमचे प्रेम आहे, घरात दखनी वा कोकणी बोलण्यात कसलाही कमीपणा नाही. पण मराठी 'त्यांची' म्हणताना आपण सय्यद कासम यांचा वारसा दान करून टाकतो. ज्यांना आम्ही परके हवे आहोत, त्यांचेच काम फुकटात करून देतो! १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते हा वारसा मागण्यासाठी नव्हे. तो आमच्याकडे होताच, तो सांगण्यासाठी.

म्हणून आमची मागणी साधी आहे. दर २१ नोव्हेंबरला हुतात्मा चौकात फुले वाहून मोटारी निघून जातात. त्याआधी यादीतले प्रत्येक नाव मोठ्याने वाचले जावे. पाठ्यपुस्तकात आकड्याशेजारी नावे छापली जावीत. सरकार हे करील तेव्हा करो; आपल्या शाळांतून, वाचनालयांतून, जमातीच्या सभांतून आपण ते यंदापासूनच करावे. पवारांनंतर पेजारकर, पेजारकरांनंतर सय्यद कासम, अशी ती नावे एका दमात वाचा. मध्ये कुठेही 'आणि' घालावा लागत नाही.