बातमीचे मोल

दर वर्षी 19 डिसेंबरचा दिवस उजाडला की आम्ही ध्वजाला वंदन करतो, वीरांच्या नावांचा उच्चार करतो आणि त्यांच्या पराक्रमाची गाथा ऐकून घरी परततो. ते योग्यच आहे. पराक्रमाचे स्मरण न ठेवणारा समाज कृतघ्न होय. परंतु या स्मरणात एक गोष्ट नेहमीच मागे राहते, असे आम्हांस वाटते. 1961 साली ‘ऑपरेशन विजय’ या नावाने गोवामुक्तीची जी मोहीम झाली, तीत तोफा होत्या, विमाने होती, युद्धनौका होत्या. पण तोफेने गोळा कोठे टाकावा, विमानाने मारा कशावर करावा आणि शिपायाने बंदूक केव्हा खाली ठेवावी, हे ठरविणारी आणखी एक शक्ती तेथे होती. ती शक्ती म्हणजे बातमी.

आज जगातील सर्व सेना उपग्रह, बिनतारी यंत्रे आणि संगणक यांच्या जाळ्यावर अपार द्रव्य वेचीत आहेत. त्यामुळे या जाळ्याचे मोल मोजावे कसे, हा प्रश्न पुढे येतो. यंत्रे किती, तारा किती लांबीच्या, दिवसाकाठी निरोप किती गेले, हे मोजणे सोपे आहे. पण पाटाची लांबी सांगितल्याने शेताला पाणी मिळाले की नाही, हे कळत नाही. आमच्या मते या जाळ्याला तीन कसोट्या लावाव्यात : बातमी खरी आहे काय, ती वेळेवर येते काय, आणि ज्याच्या हातून कृती घडावयाची त्या शेवटच्या माणसापर्यंत ती पोहोचते काय. या कसोट्या लावून पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आमच्या डिचोली-पेडण्याच्या भूमीतच त्यांचे पुरावे आहेत.

प्रथम एक जुनी गोष्ट सांगतो. डिचोलीजवळ नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी 1668 साली करविला, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षी चार-पाचशे माणसे थोडी थोडी करून पोर्तुगीज मुलखात शिरवावीत आणि आतूनच गोवे हस्तगत करावे, असा महाराजांचा बेत होता, असे इतिहासकार लिहितात. परंतु विजरईला त्याची कुणकुण लागली, माणसे पकडली गेली आणि बेत फसला. ज्यांच्या पदरी बहिर्जी नाईकांसारखा हेर होता, त्या महाराजांचाच बेत येथे शत्रूला वेळेवर मिळालेल्या एका बातमीने उधळला. त्या बातमीची किंमत तोफांच्या संख्येत कशी सांगावी?

आता 1961 कडे वळू. 17 डिसेंबरच्या सकाळी दोडामार्गाजवळच्या सीमेवर भारतीय तुकडीची पोर्तुगीजांशी चकमक झाली. जवळच असलेल्या पोर्तुगीज टेहळणी पथकाने प्रतिकाराची परवानगी मागितली. उत्तर आले ते दुपारी, आणि तेही नकाराचे. इतकेच नव्हे, तर यापुढे सर्व हुकूम मधल्या अधिकाऱ्यांना वगळून थेट मुख्यालयातून सुटतील, असे त्याच दुपारी फर्मान निघाले. परिणामी कोणी कोणाचे ऐकावे याचा गोंधळ उडाला. ज्याच्या डोळ्यांना शत्रू दिसत होता त्याला अधिकार नव्हता, आणि ज्याला अधिकार होता त्याला शत्रू दिसत नव्हता. पोर्तुगीजांकडे यंत्रे नव्हती असे नाही. पण वेळेच्या कसोटीवर त्यांचे जाळे तेथेच फाटले.

खरेपणाच्या कसोटीवर आमचीही बाजू नेहमीच उतरली असे नाही. 18 डिसेंबरच्या पहाटे चार वाजता डिचोलीच्या दक्षिणेस भारतीय तोफांचा मारा सुरू झाला. तेथे पोर्तुगीजांचे जड रणगाडे आहेत, अशी खबर मिळाली होती. ती खबर खोटी होती. थोड्याच वेळात पोर्तुगीजांनी डिचोलीचा पूल उडविला आणि पाठोपाठ कोलवाळ व अस्नोडा येथील पूलही उडविले. आपल्या सैन्याविषयीचा आदर यत्किंचितही कमी न होता आम्ही हे लिहीत आहोत. खोट्या बातमीवर डागलेला गोळाही खऱ्या गोळ्याइतकाच जोराने फुटतो, आणि तो ज्या गावावर पडतो ते गाव आपलेच असू शकते, हे डिचोलीच्या मुलांनी विसरू नये.

तिसरी कसोटी शेवटच्या माणसापर्यंत पोहोचण्याची. 18 डिसेंबरला भारतीय हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. दुसऱ्या दिवशी सकाळी भारतीय सेना पणजीत शिरली आणि त्याच रात्री गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. पण याच मोहिमेत आग्वाद किल्ल्यातील राजबंद्यांना सोडविण्यासाठी गेलेले मेजर एस. एस. सिद्धू आणि कॅप्टन विनोद सहगल गोळीबारात धारातीर्थी पडले. किल्ल्यातील शिपायांना शस्त्रे खाली ठेवण्याचा हुकूम अद्याप मिळाला नव्हता, असे त्या प्रसंगाच्या वर्णनांत सांगितले आहे. न पोहोचलेल्या एका निरोपाची किंमत ही अशी असते.

याच्या उलट बाजूही पाहावी. पेडणे तालुक्यात पत्रादेवी येथे 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रह्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यानंतर सीमा बंद झाली. गोव्यातील वृत्तपत्रांवर तर सरकारी नियंत्रण होतेच. अशा कोंडीत 25 नोव्हेंबर 1955 रोजी आंबोलीच्या रानातून एक गुप्त नभोवाणी बोलू लागली. श्री. वामन सरदेसाई आणि श्रीमती लिबिया लोबो यांनी ती प्रथम आंबोलीहून व पुढे कॅसल रॉकहून मुक्तीपर्यंत, म्हणजे सहा वर्षे, अखंड चालविली. पोर्तुगीज सरकारने झाकलेली वार्ता ती कोकणी व पोर्तुगीज भाषांतून घरोघर पोहोचवी. रानातील एक प्रक्षेपक आणि दोन निष्ठावंत माणसे, एवढेच त्या जाळ्याचे भांडवल होते. परंतु तिन्ही कसोट्यांवर ते उतरले, म्हणूनच त्याचे मोल मोठे.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की गोव्याचा निकाल संख्याबळाने लागला. भारतीय सेना कितीतरी पटींनी मोठी होती, मग बातमीचे एवढे स्तोम कशाला? आक्षेपात तथ्य आहे. बातमी ही सैन्याची जागा घेऊ शकत नाही, आणि उत्तम जाळ्यानेही पोर्तुगीजांचे राज्य वाचले नसते. परंतु जय कोणाचा, एवढाच युद्धातील प्रश्न नसतो. तो किती प्राणांच्या मोलाने मिळाला, हाही असतो. लिस्बनहून सालाझार यांनी अखेरच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम धाडला होता. वासालु इ सिल्व्हा यांच्यासमोर खरी परिस्थिती होती. त्यांनी हुकुमापेक्षा ती प्रमाण मानली, पुढे त्यासाठी सैन्यातून बडतर्फी सोसली, पण व्यर्थ रक्तपात टाळला. वस्तुस्थितीचे ज्ञान आणि ते मान्य करण्याचे धैर्य ही दोन्ही एकत्र आली, म्हणूनच सुमारे छत्तीस तासांत सारे आटोपले.

‘ऑपरेशन विजय’ हे नाव देशाने 1999 साली कारगिलमध्ये पुन्हा घेतले. तेथे घुसखोरांची पहिली वर्दी दिली ती डोंगरात गेलेल्या मेंढपाळांनी. पुढे के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने गुप्तवार्ता यंत्रणेतील उणिवा दाखवून दिल्या. आता आकाशातून पाहणारी नेत्रे पुष्कळ वाढली आहेत, पण जमिनीवरील जागरूक माणसाचे मोल त्यामुळे उणे झालेले नाही.

विद्यार्थिमित्रहो, आज प्रत्येकाच्या खिशात आंबोलीच्या त्या प्रक्षेपकाहून समर्थ यंत्र आहे. क्षणात हजारांपर्यंत पोहोचण्याचे बळ त्यात आहे. पण खरे-खोटे ओळखण्याचे काम ते आपल्यासाठी करीत नाही. संकटकाळी ऐकीव वार्ता पुढे धाडणारा हात, नकळत का होईना, चुकीच्या दिशेला तोफ वळवीत असतो. म्हणून येत्या 19 डिसेंबरला ध्वजाला वंदन करताना एवढा निश्चय आपण करावा : ज्याची खात्री नाही ते आपल्या हातून पुढे जाणार नाही, आणि जे खरे व आवश्यक आहे ते वाटेत अडणार नाही. रणांगणावर न जाताही करता येण्याजोगी ही देशसेवा आहे.