चित्रात आम्ही, हिशेबात कोण?

कला पवित्र-बिवित्र काही नसते. ती विकली जाते. मासळीसारखी बोली लावून विकली जाते. फरक एवढाच, की भाऊच्या धक्क्यावर बोली लावणारी बाई पहाटे तीनला उठून आलेली असते आणि इथला बोली लावणारा गादीवर बसून फोनवरून आकडा सांगतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत सॅफ्रनआर्टच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक चित्र ६७ कोटी ८ लाखांना गेलं. मी गोदीत कंत्राटावर ओझी उचलतो. महिन्याला सोळा हजार हातात पडतात. हिशेब मांडला. न खाता न पिता साडेतीन हजार वर्षं राबलो तर तेवढे जमतील. म्हणजे मनू जन्मायच्या आधीपासून माझी हजेरी लागायला हवी होती!

गायतोंडे आपला दुश्मन नव्हे. गिरगावच्या चाळीत वाढलेला, जे.जे.त शिकलेला, पुढं दिल्लीत निजामुद्दीनच्या भाड्याच्या खोलीत एकटा रंग लावत बसलेला माणूस. २००१ साली गेला. हा आकडा त्यानं बघितला नाही. ज्यानं आयुष्य घातलं तो मातीत, आणि ज्यांनी कधी ब्रश धुतला नाही ते मलिदा खाणार. आमच्या गोदीत याला दलाली म्हणतात. तिकडं 'कलेक्शन' म्हणतात.

कायदा नाही असं समजू नका. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं कलम ५३ अ घातलं गेलं. मूळ चित्र किंवा शिल्प पुन्हा दहा हजारांच्या वर विकलं गेलं, तर चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा त्यात वाटा. जास्तीत जास्त दहा टक्के. कवीच्या मूळ हस्तलिखितालाही हेच कलम लागू आहे, पण माझी वही रद्दीवाला किलोवर घेतो, ते सोडा. मुद्दा असा की कलम छापलेलं आहे आणि अंमल नावापुरता आहे. किमान वेतनाचं जे होतं तेच याचं होतं. ज्याला कलम माहीत नाही त्याचा वाटा गिळायला सोपा.

चित्रकाराची ही गत, तर चित्रातल्या माणसाची काय? २०१७ च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या ससून डॉकमध्ये स्ट्रीट आर्टचा मोठा प्रकल्प झाला. १८७५ ची ही गोदी. रंगाच्या कंपनीचं पाठबळ होतं. गोदामं रंगली. तिथल्या कष्टकऱ्यांचे भलेथोरले फोटो भिंतीवर चिकटले. चांगलंच झालं. एरवी आमची तोंडं पोलीस ठाण्याच्या फळ्यावर लागतात. पण प्रदर्शन उठलं, पाहुणे गेले, आणि कोळंबी सोलणारी बाई बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवून तिथंच बसलेली. तिला काय मिळालं, असं विचारलं की पांढरपेशे म्हणतात, कलेत पैसा आणू नका. मग ते ६७ कोटी आणले कुणी? आम्ही?

मागच्या वर्षी पाळी सुटल्यावर एका गॅलरीत गेलो. अंगावर कामाचेच कपडे. वॉचमन म्हणाला, "माल मागच्या दारानं." त्याच्यावर राग नाही, तोही आपल्यातलाच. त्याला हे शिकवलं कुणी ते बघा. आत गेलो तर समोर एका हमालाचं चित्र, पाठीवर गोणी. भिंतीवरच्या हमालाला पुढचं दार, जित्या हमालाला मागचं!

आणि आपलाच माणूस ब्रश धरतो तेव्हा? नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडकं अडकवलेला पेशवाईतला अस्पृश्य रेखला, देवदासी रंगवली. ते चित्र दिवाणखान्यात टांगलं तर पाहुण्यांचा चहा थंड होतो. लिलावाचे कॅटलॉग काढा आणि हे नाव त्यात कितीदा येतं ते तुम्हीच मोजा.

कोण म्हणतो आम्हाला कलेचा बाजार नाही? ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात या. बाबासाहेबांच्या तसबिरी, बुद्धाचे प्लास्टरचे पुतळे, कॅलेंडरं, पुस्तकं. घेणारा जनरलच्या डब्यातून लोंबकळत आलेला असतो. तो तसबीर तिजोरीत कोंडत नाही, भाव चढायची वाट बघत नाही. घरी नेतो आणि भिंतीवर लावतो. पण इथंही घडवणाऱ्याचं नाव गायबच. वस्तीतल्या पुतळ्याचा चौथरा वाचा. उद्घाटकाचं नाव मोठ्या अक्षरात, मूर्तिकाराचं नाव शोधून सापडत नाही. पुढाऱ्यांनो, हीही दलालीच!

म्हणून वस्तीतल्या चित्र काढणाऱ्या पोरापोरींना सांगतो. पाठ थोपटून घेण्यावर चित्र विकू नका. नाव, साल, माप, किंमत कागदावर लिहा आणि घेणाऱ्याची सही घ्या. कष्टकऱ्याचा फोटो काढायला कुणी आला तर आधी त्याला विचारा: नाव कुणाचं लागणार, पैसा कुणाला जाणार? १४ एप्रिलला डीजेच्या भिंतीवरचा खर्च कमी करा आणि समाजमंदिराच्या भिंतीवर आपली चित्रं लावा, खाली घडवणाऱ्याचं नाव ठळक लिहा. आणि तुमचं चित्र उद्या लाखाला गेलं, तर कलम ५३ अ हातात घेऊन त्यांच्या दारात उभे राहा. पुढच्या दारात.