शटरवरचा भोंगा रात्रभर वाजतो, तेव्हा मालक कुठे असतो?

परवा रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आमच्या चाळीखालच्या एका दुकानाचा चोर-अलार्म सुरू झाला. पाच मिनिटं वाट बघितली आणि खाली उतरलो. शटर बंद, दोन्ही कुलपं जागेवर. पाटीवर फोन नंबर होता, पण तो दुकानातलाच. बंद दुकानातला फोन रात्री उचलणार कोण?

112 ला फोन लावला. गस्तीवरचे दोन पोलीस आले, त्यांनी शटर हलवून बघितलं, "चोरी नाही" म्हणाले आणि गेले. चोरी नसताना कुलूप तोडून आवाज बंद करणार तरी कसा? सव्वापाचला बॅटरी संपली तेव्हा भोंगा थांबला. पहिल्या मजल्यावर सव्वा महिन्याचं बाळ आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना सकाळी केईएमला डायलिसिससाठी जायचं होतं. दोघांचीही रात्र गेली.

पण मला खरी भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. एवढा आवाज चालू असताना अख्ख्या चाळीतून एकही माणूस गॅलरीत आला नाही. का येईल? महिन्यातली ही तिसरी वेळ. कधी उंदीर सेन्सरसमोरून जातो, कधी जड ट्रकने शटर थरथरतं, कधी वीज जाऊन येते. लांडगा आला रे आला! उद्या खरंच कोणी शटर उचकटलं तरी लोक उशी कानावर घेऊन कूस बदलतील. म्हणजे झोप आमची गेली आणि दुकानही सुरक्षित राहिलं नाही.

गिरणगावाला भोंगा नवा नाही. गिरणीचा भोंगा झाला की माणसं उठायची, कारण त्याला अर्थ होता. या भोंग्याला अर्थच उरलेला नाही.

आता कोणी म्हणेल, "लालबागमध्ये राहून आवाजाची तक्रार? गणपतीत काय करता?" प्रश्न रास्त आहे. पण मंडळ परवानगी घेतं. रात्री दहानंतरची सूट वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, तीही बारापर्यंतच. आणि आवाज वाढला तर अध्यक्ष कोण, कार्यकर्ते कुठे बसतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक असतं. शटरवरच्या भोंग्याला ना परवानगी, ना वेळ, ना मालकाचा पत्ता.

कायदा नाही असंही नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात निवासी भागात 45 आणि व्यापारी भागात 55 डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतल्या आवाजाच्या साधनाने हद्दीवर ही पातळी पाच डेसिबलपेक्षा जास्त ओलांडायची नाही. अलार्मचे सायरन शंभराच्या वर जातात. हॉर्नचा आवाज मोजून सिग्नल लांबवण्याचा मुंबई पोलिसांचा प्रयोग 2020 मध्ये गाजला होता, त्यात आपलं हिंदमाताही होतं. मग दुकानाच्या भोंग्यानेच काय पुण्य केलंय?

ब्रिटनमध्ये 2005 च्या कायद्याने स्थानिक पालिकेला एक अधिकार दिला. ठरवून दिलेल्या भागात अलार्म असेल, तर चावी असलेल्या माणसाचं नाव पालिकेकडे नोंदवावं लागतं. आपल्याला एवढ्या थाटाचीही गरज नाही. तीन गोष्टी पुरेत:

1. शटरवर मालकाचा किंवा चावी असलेल्या माणसाचा मोबाइल नंबर, ठळक अक्षरांत. तो माणूस अर्ध्या तासात पोचेल असा जवळपासचा हवा.
2. दहा-पंधरा मिनिटांनी सायरन आपोआप थांबेल असं सेटिंग. पुढची सूचना मालकाच्या मोबाइलवर जाऊ दे. अलार्म बसवणाऱ्याला सांगितलं तर बहुतेक यंत्रांत ही सोय निघते.
3. पावसाळ्याआधी बॅटरी आणि सेन्सरची तपासणी.

दुकानदार आपलेच आहेत. उधारी देतात, वर्गणी देतात, अडीनडीला धावून येतात. म्हणून पहिली पायरी भांडण नाही, बोलणं. येत्या रविवारी आपापल्या इमारतीखालच्या दुकानदारांकडे जा, नंबर मागा आणि जिन्यातल्या फळ्यावर लिहून ठेवा. लालबाग, परळ, दादर, गिरगाव, जिथे खाली दुकानं आणि वर घरं आहेत, तिथे सगळीकडे हे करता येईल. ऐकलंच नाही, तर मात्र तारीख-वेळ लिहून, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पोलीस ठाण्यात सोसायटीच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

माल दुकानदाराचा आहे, तर भोंगाही त्याचाच आहे. तो बंद करायला रात्री दोनला यायचं कामही त्याचंच.