चार जुलैला घरी थांबा, डोंगरात मंगळवारी जा

डेनव्हर, बोल्डर, फोर्ट कॉलिन्स आणि आसपासच्या सर्व मराठी कुटुंबांसाठी.

अजून अंगणातला बर्फ वितळलेला नाही आणि आम्ही उन्हाळ्याच्या सहलींवर बोलतोय, याचं हसू येईल. पण मे उजाडेपर्यंत आपल्या निम्म्या घरांत एकच बोलणं होऊन गेलेलं असतं. "आई-बाबा आलेत, चार जुलैला जोडून सुट्टी आहे, यलोस्टोन करून टाकू." एका घरात ठरलं की व्हॉट्सॲपवर पाच घरं 'आम्हीपण' म्हणतात. मग चार मोठ्या गाड्या, दोन राइस कुकर, चिवड्याचे डबे आणि सकाळी साडेदहाला हॉटेलातून प्रस्थान. ओल्ड फेथफुलला पोचेपर्यंत बारा वाजतात. पार्किंगमध्ये अर्धा तास चकरा होतात आणि आजोबा गाडीत बसूनच म्हणतात, "तुम्ही बघून या, मी आहे इथेच."

तेव्हा मंडळाच्या सहल समितीची विनंती अशी, की ही सवय या उन्हाळ्यात मोडूया. डोंगरात जरूर जा, एकाऐवजी दोनदा जा, पण चार जुलैच्या आठवड्यात जाऊ नका. यंदा अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २५० वर्षं पूर्ण होतायत आणि तो दिवस नेमका शनिवारी आलाय. त्या जोडून आलेल्या सुट्टीत बाहेर पडायचा मोह सगळ्या देशाला होणार आहे. त्यात आपली भर नको.

मुळात या पार्कांत जागा कमी नाही. एकटं यलोस्टोन जवळजवळ नऊ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याहून मोठं. २०२१ च्या जुलैत तिथे एका महिन्यात दहा लाखांवर भेटी नोंदल्या गेल्या, ते तिथे पहिल्यांदाच घडलं. पण तेव्हाही गर्दी होती ती ओल्ड फेथफुल, ग्रँड प्रिझमॅटिक, नॉरिस, कॅन्यन अशा मोजक्या पार्किंगांत, आणि तीही सकाळी दहा ते दुपारी चार. बाकीचं पार्क त्या वेळीही मोकळंच होतं. त्यामुळे कुठे जायचं हे ठरवण्याआधी कधी जायचं ते ठरवा.

आपल्याला इथे एक फायदा आहे, तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या भागातल्या शाळा मेच्या अखेरीला सुटतात. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या शाळा मात्र जून संपत आला तरी चालू असतात, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या बऱ्याचशा जूनच्या मध्यापर्यंत. म्हणजे जूनचे पहिले दोन आठवडे आपली मुलं मोकळी आणि त्यांची वर्गात. यलोस्टोनमध्ये तेव्हा गव्यांची तांबूस वासरं आईमागे धावत असतात, अस्वलं पिल्लांना घेऊन खाली कुरणांत उतरलेली असतात, नद्या फुगलेल्या असतात. उंचावरच्या पायवाटांवर बर्फ असतो, हे खरं. पण आजी-आजोबा आणि सहा वर्षांची मुलं घेऊन आपण काही शिखरं सर करायला निघालेलो नसतो. त्या पंधरवड्यातलाही मंगळवार ते गुरुवार धरा. ऑफिसात तीन दिवस रजा मागावी लागेल, ती मागा. ज्यांची मुलं अजून शाळेत जात नाहीत त्यांनी सरळ सप्टेंबरमधला लेबर डे उलटल्यावर निघावं.

दिवस ठरला की वेळ. इथे आई-बाबांचा जेट लॅग कामाला येतो. भारतातून येऊन आठवडा झालेला नसतो, पहाटे साडेतीनला दोघंही टक्क जागे होऊन स्वयंपाकघरात चहाची पातेली शोधत असतात. त्या चहाबरोबरच गाडी काढा. मुलांना झोपेतच सीटवर बांधा, थर्मास भरून घ्या आणि सहाच्या आत पार्कात शिरा. जूनमध्ये त्या सुमाराला उजाडलेलं असतं. ओल्ड फेथफुल साधारण दीड तासाने उसळतो आणि त्याची अंदाजे वेळ रेंजर आधी जाहीर करतात, पण पहाटेच्या उसळीला तिथल्या लांबलचक बाकांवर हवी ती जागा मिळते. दहा वाजता बाकीचे आत येऊ लागले की तुम्ही बाहेर पडा, जेवा, झोपा. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा या. नऊपर्यंत उजेड असतो.

आता वाट. यलोस्टोनला इथून निघणारी बहुतेक कुटुंबं जॅक्सनमार्गे दक्षिण दारातून जातात, किंवा वळसा घालून वेस्ट यलोस्टोनला मुक्काम करतात. ते पश्चिम दार सगळ्यांत गजबजलेलं. त्यापेक्षा आय-२५ ने थेट उत्तरेला वायोमिंगमधल्या बफेलोला जा, तिथून हायवे १६ ने बिगहॉर्न डोंगर ओलांडून कोडीला मुक्काम करा. हा घाटही पाहण्यासारखा आहे आणि बिगहॉर्नचं जंगल राष्ट्रीय वनात मोडतं, तिथे प्रवेशाची खिडकीच नाही. कोडीहून पूर्वेच्या दाराने आत जाता येतं. मे-अखेरीला बेअरटूथ हायवे उघडला असेल तर त्या वाटेने ईशान्येच्या दाराने लामार खोऱ्यात उतरा. १९९५ साली लांडगे परत आणून सोडले ते याच खोऱ्यात. पहाटे रस्त्याकडेला दुर्बिणी लावून उभी असलेली माणसं दिसतील, त्यांच्यापाशी गाडी थांबवा आणि हळू आवाजात विचारा. ती मंडळी आपणहून दुर्बीण पुढे करतात.

घराजवळच्या रॉकी माउंटनबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथे आपण वर्षातून चारदा जातो आणि चारही वेळा बेअर लेकलाच जातो. या पार्कात गेली काही वर्षं मे-अखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वेळेचं आरक्षण लागतं. गेल्या उन्हाळ्यात बेअर लेकच्या रस्त्यासाठी पहाटे पाच ते संध्याकाळी सहा, आणि उरलेल्या पार्कासाठी सकाळी नऊ ते दुपारी दोन या वेळात ते लागत होतं. म्हणजे नऊच्या आत किंवा दोननंतर गेलात तर बेअर लेकचा रस्ता सोडून बाकी सगळीकडे आरक्षणाशिवाय जाता येत होतं. आरक्षणाची खिडकी महिन्याच्या १ तारखेला सकाळी आठला रिक्रिएशन डॉट गव्हवर उघडायची, आणि काही जागा आदल्या दिवशी संध्याकाळी सातसाठी राखून ठेवलेल्या असायच्या. नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा यंदाचे पार्काच्या संकेतस्थळावर वाचूनच निघा. गेल्या वर्षीच्या व्हॉट्सॲप निरोपावर विसंबू नका, तो अजून फिरतोय.

पूर्वेला एस्टेस पार्कात गाड्यांची रांग लागलेली असते तेव्हा पश्चिमेचं ग्रँड लेक गाव बरंच निवांत असतं. त्या बाजूच्या कावुनीची खोऱ्यात मूस दिसण्याची शक्यताही जास्त. दोन रात्री तिथे राहून ट्रेल रिज रस्ता पश्चिमेकडून चढा. मात्र आई-बाबांना विमानतळावरून उचलून दुसऱ्याच दिवशी वर नेऊ नका. त्या रस्त्याचा माथा ३,७१३ मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. खालचं एस्टेस पार्क गावसुद्धा कळसूबाईपेक्षा सहाशे मीटर वर आहे. डेनव्हरात चार दिवस काढू द्या, पाणी भरपूर पाजा, रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर फोटो राहू देत, गाडी खाली वळवा. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी स्प्रेग लेकची सपाट फेरी उत्तम, व्हीलचेअरही जाते. एक लक्षात ठेवा, हे तळं बेअर लेकच्याच रस्त्यावर आहे. आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांचा पाऊस ठरलेला, तेव्हा झाडांच्या वरच्या उघड्या भागातून बाराच्या आत खाली या.

नेहमीच्या चार नावांपलीकडेही बघा. ग्रेट सँड ड्यून्सला मे-अखेर ते जूनच्या सुरुवातीला सांग्रे दे क्रिस्तो डोंगरांवरचा बर्फ वितळून मेदानो ओढा वाळूवरून वाहतो. पाण्याखाली वाळूचे छोटे बांध साठतात, फुटतात, आणि दर थोड्या वेळाने घोट्याएवढी लाट येते. त्या लाटेची वाट बघत मुलं तासन्‌तास रमतात. शनिवार-रविवारी मात्र तिथे गणपतीतल्या लालबागची आठवण येते, म्हणून मधलाच वार धरा. दुपारी उघड्या पायाने वाळूवर जाऊ देऊ नका, उन्हात ती ६५ अंशांपर्यंत तापते. ब्लॅक कॅन्यन ऑफ द गनिसन हे मॉन्ट्रोजजवळचं पार्क आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिलंय. सरळसोट काळे कडे, खाली नदीचा गडगडाट. २०२५ च्या जुलैत वीज पडून लागलेल्या वणव्यात दक्षिण कड्याचा बराच भाग जळाला, त्यामुळे काय काय उघडं आहे ते आधी बघा. उत्तर कड्याकडे क्रॉफर्डवरून जातात, शेवटचा रस्ता खडीचा आहे, आणि तिथे गर्दी नसण्याचं कारणही तेच. डायनासोरवेड्या मुलांसाठी युटाच्या सीमेवरचं डायनासोर नॅशनल मॉन्युमेंट आहे. तिथे एका कातळभिंतीत दीड हजारांच्या आसपास हाडं जशीच्या तशी दिसतात आणि काहींना हातही लावता येतो.

या तीन ठिकाणांचा पैशाशीही संबंध आहे. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षांवरच्या पाहुण्यांसाठी अकरा पार्कांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा आकार लागू झालाय. त्यात यलोस्टोन, ग्रँड टीटन, ग्लेशियर आणि आपलं रॉकी माउंटन आहेत. व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-बाबा यातच मोडतात. इथे राहणाऱ्यांचा वार्षिक पास ८० डॉलरचा, बाहेरून येणाऱ्यांचा २५० चा. पाहुण्यांना गाडीत घेऊन जाताना कुठला पास घ्यायचा हे दारातल्या रेंजरशी वाद घालत ठरवू नका, घरून वाचून निघा. सँड ड्यून्स, ब्लॅक कॅन्यन आणि डायनासोर या अकरांत नाहीत. आई-बाबांकडे ग्रीन कार्ड असेल आणि वय ६२ च्या पुढे असेल, तर त्यांना आयुष्यभराचा पास ८० डॉलरमध्ये मिळतो. चौथीतल्या मुलाला मोफत पास मिळतो आणि तो ऑगस्टअखेरपर्यंत चालतो. शिवाय गाडीची नोंदणी करताना कोलोरॅडोच्या राज्य उद्यानांच्या पासाचे पैसे आपण नको म्हटलं नाही तर आपोआप घेतले जातात. पत्र न वाचता पैसे भरणाऱ्यांनी (म्हणजे जवळपास सगळ्यांनीच) नोंदणीचं कार्ड काढून बघावं, पास तिथेच छापलेला असेल. मूस बघायला वॉल्डनजवळचं स्टेट फॉरेस्ट उद्यान त्यावर फुकट होतं.

थोडं आपल्या वागण्याबद्दल, रागावू नका. सहा कुटुंबं एकत्र निघाली की आपणच गर्दी होतो. एका ठिकाणी दोन गाड्यांपेक्षा जास्त नकोत, बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या वाटेने जावं आणि रात्री जेवायला भेटावं. माथ्यावर ग्रुप फोटोसाठी गवतात शिरू नका. ते गवत दिसतं तसं साधं नाही, तुडवलं की भरून यायला दशकं लागतात. गव्यापासून २५ यार्ड आणि अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड लांब राहायचं हा नियम आहे. गवा निवांत चरताना दिसला तरी तो ताशी ५६ किलोमीटर वेगाने धावतो. आणि खाणं. तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, बेसनाचे लाडू यांचा वास अस्वलाला आपल्याआधी येतो. तंबूत काहीही ठेवू नका, कॅम्पग्राउंडवरच्या लोखंडी पेटीत ठेवून कडी लावा. ट्रेल रिजवरच्या चिपमंकला आजी प्रेमाने शेंगदाणा देते आणि नातवंडं फोटो काढतात. ते कायद्याने बंद आहे आणि त्या जिवाच्याही हिताचं नाही. आजीला हे आजोबांनी सांगावं, सुनेवर टाकू नये.

शेवटी तंबूंबद्दल. पार्काच्या आतली हॉटेलं वर्षभर आधी भरतात, पण मधल्या वारी कॅम्पग्राउंडवर जागा मिळू शकते. अडतं ते सामानापाशी. नव्याने आलेल्या कुटुंबाने एका सहलीसाठी पाचशे डॉलरचं सामान घ्यावं, आणि आपल्यातल्या वीस घरांच्या गराजमध्ये तंबू धूळ खात पडावेत, हे बरोबर नाही. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात दाराजवळच्या टेबलावर दोन वह्या असतील. एकीत ज्यांना तंबू, स्लीपिंग बॅगा, स्टोव्ह उसने देता येतील त्यांनी नाव आणि वस्तू लिहावी. दुसरीत जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कोण कुठे आणि कुठल्या दिवशी जाणार ते लिहावं, म्हणजे एकाच दिवशी एकाच तळ्यावर दहा मराठी गाड्या उभ्या राहणार नाहीत. तंबू परत देताना वाळवून द्या.

आपली,
सहल समिती