धुतलेल्या कपड्यांना वास का येतो?



पावसाळा सुरू झाला की प्रत्येक घरात एक तक्रार हमखास ऐकू येते. "एवढे घासून धुतले, तरी कपड्यांना कुबट वास येतोच!" ही तक्रार लहान वाटते. पण तिच्यापायी एखाद्या लेकराचे मन किती दुखावते, ते मी गेल्या पावसाळ्यात शेजारच्याच खोलीत पाहिले. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

शेजारच्या वहिनींचा मुलगा सातवीत शिकतो. अभ्यासात चांगला. पण पावसाळ्यात तो रोज शाळेला जाताना रडू लागला. "माझ्या शर्टाला वास येतो, बाकावर माझ्याजवळ कुणी बसत नाही," असे म्हणायचा. वहिनींनी शर्ट नाकाशी धरून पाहिला, तर वास नाही! शाळा बुडवायचा बहाणा समजून त्यांनी त्याला दोन धपाटे घातले आणि पाठवून दिले. चार दिवसांनी तो दुपारी भिजून घरी आला. तेव्हा त्याच शर्टाचा वास खोलीभर पसरला. वहिनी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, "ताई, पोरगं खरं बोलत होतं हो. मीच मारलं त्याला."

सकाळी नसलेला वास दुपारी कुठून आला? कारण समजून घेतले तर उपाय सोपा होतो.

कपडा ओला राहिला की त्याच्यावर सूक्ष्म जंतू वाढतात. अंगाचा घाम, तेलकटपणा आणि धाग्यांत अडकलेला मळ हे त्यांचे खाद्य. ते खाऊन जंतू जो पदार्थ सोडतात, त्याचा तो कुबट वास. जपानमधील संशोधकांनी २०१२ साली घरात वाळवलेल्या कपड्यांच्या वासाचा शोध घेतला, तेव्हा 'मोराक्सेला' नावाचा जंतू त्याच्या मुळाशी सापडला. हा जंतू मोठा चिवट. कपडा वाळला तरी तो मरत नाही, नुसता दबून राहतो. घामाने किंवा पावसाने कपडा पुन्हा ओलसर झाला की जागा होतो आणि वास परत येतो. त्या मुलाच्या शर्टाचे हेच झाले होते.

कापडाचाही यात वाटा असतो. बेल्जियममधील गेंट विद्यापीठात २०१४ साली २६ जणांनी व्यायाम करताना घातलेले टी-शर्ट तपासले गेले. त्यात सुतीपेक्षा पॉलिएस्टरच्या शर्टांचा वास अधिक वाईट निघाला. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही, पण अंगाचा तेलकटपणा मात्र धरून ठेवते. आपल्या मुलांचे गणवेश बहुधा टेरिकॉटचे, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेलेच असतात.

आपल्या हातून होणाऱ्या चुका

वास आला की आपण साबणाची पावडर वाढवतो. वहिनींनीही तेच केले होते. पण जास्तीची पावडर दोन पाण्यांत निघत नाही. ती धाग्यांत बसते, मळ धरून ठेवते आणि जंतूंचे फावते. पाणी जड असेल तर साबणाचा पांढरा थरही कपड्यावर बसतो. तेव्हा पावडर मोजून घ्या आणि फेस जाईपर्यंत खळबळा.

दुसरी चूक म्हणजे ओल्या कपड्यांचा ढीग. रात्री भिजवलेले कपडे सकाळपर्यंत बादलीत, धुतलेले पिळे तास-दोन तास मोरीत, घामाचा शर्ट गुंडाळून कोपऱ्यात. या सगळ्या वेळात जंतू वाढत असतात. भिजवायचे तर अर्धा-पाऊण तास पुरे.

तिसरी चूक अत्तर किंवा सुगंधी द्रव टाकण्याची. त्याने वास झाकतो, जात नाही. डांबराच्या गोळ्यांचेही तसेच. आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या ठेवूच नका. काही बाळांना जन्मतःच एक रक्तदोष असतो. अशा बाळांच्या रक्ताला या गोळ्यांच्या वाफेने अपाय होतो.

एकदा बसलेला वास कसा काढावा?

सुती आणि पांढऱ्या कपड्यांना गरम पाण्यासारखा उपाय नाही. पूर्वी परीट भट्टी लावत, त्यामागे हेच शास्त्र होते. घरी असे करा. एक भाग उकळते पाणी आणि एक भाग नळाचे पाणी मिसळले की साधारण ६० अंशांचे पाणी होते. ते पातेल्यात किंवा घमेल्यात घ्या. १० लिटर पाण्याला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि नेहमीची पावडर घाला. कपडे काठीने बुडवून, झाकण ठेवून अर्धा तास राहू द्या. हात घालू नका, भाजेल. लहान मुलांना दूर ठेवा. नंतर घासून तीन पाण्यांतून काढा.

शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घातले तर साबणाचा उरलेला थर सुटतो. व्हिनेगरचा वास कपडा वाळताच उडून जातो.

रंगीत कपड्यांना फार गरम पाणी नको, रंग जाईल. त्यांच्यासाठी डाग काढण्याची ऑक्सिजनची पावडर मिळते. ती कोमट पाण्यात, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात वापरा. रेशमी आणि लोकरी कपड्यांना मात्र ही पावडर, सोडा आणि गरम पाणी तिन्ही वर्ज्य.

एक इशारा लक्षात ठेवा. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचे द्रव ब्लीच व्हिनेगरमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. बंद मोरीत तर तो जिवावर बेतू शकतो.

वाळवण्यात अर्धे यश

कपडा जितक्या लवकर वाळेल तितका वास कमी. दोनदा घट्ट पिळा. पिळलेला शर्ट कोरड्या पंचात गुंडाळून दाबला की आणखी पाणी निघते. दोरीवर कपड्यांत चार बोटे अंतर ठेवा. शर्ट हँगरवर, पँट उलटी करून आणि खिसे बाहेर काढून टांगा, कारण शिवण, कॉलर आणि कंबरपट्टी सर्वांत शेवटी वाळतात. खोली लहान असेल तर सगळे धुणे एकाच दिवशी काढू नका. गणवेश आधी धुवा, पंख्याखाली तोच टांगा आणि खिडकी उघडी ठेवा. किंचित दमट राहिला तर आतून-बाहेरून गरम इस्त्री फिरवा. पूर्ण कोरडा झाल्याशिवाय कपाटात ठेवू नका. ऊन पडले की मात्र सारे बाहेर!

ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी धुणे होताच कपडे बाहेर काढावेत आणि झाकण उघडे ठेवावे. दाराचे रबर, पावडरचा कप्पा आणि जाळी यांत बुळबुळीत थर साचतो, तो पुसावा. महिन्यातून एकदा मशीन रिकामेच गरम पाण्यावर फिरवावे. मशीनलाच वास असेल तर कपड्यांना येणारच.

आणि हे सारे एकट्या बाईच्या डोक्यावर नको. घामाचा शर्ट दोरीवर पसरून ठेवणे, पिळे झटकून टांगणे ही कामे नवऱ्याला आणि मुलांनाही येतात.

वहिनींनी एका रविवारी दोन्ही शर्ट गरम पाण्यातून काढले. सोमवारी मुलगा शाळेत गेला. संध्याकाळी आईने काही विचारायच्या आतच त्याने दप्तर ठेवले, शर्ट काढला आणि स्वतःच हँगरवर टांगला.

कुबट वास ओलाव्याचा असतो, माणसाचा नव्हे. तेव्हा कुणाच्या लेकराच्या कपड्यांना वास आला तर नाक मुरडू नका. त्याच्या आईला ही युक्ती सांगा. आणि आपले लेकरू तक्रार करीत असेल तर आधी त्याचे ऐकून घ्या.