पडद्यावरची नाडी

मुलगा सहा वर्षें परदेशीं वैद्यक शिकला. त्यांतील अखेरचा काळ साथीमुळें किंवा युद्धामुळें घरच्या खोलींत संगणकापुढें गेला. पण पदवी तर हातीं आली, मग आणखी काय हवें, असा प्रश्न अनेक सुशिक्षित घरांतून विचारला जातो. त्यामागें कर्जाची चिंता व भंगलेली उमेद आहे, हें आम्ही जाणतों. परंतु दुःख खरें असलें म्हणून त्यावरून काढलेला निष्कर्षही खरा ठरतो, असें नाहीं.

२०२० च्या आरंभीं चीननें परकीय विद्यार्थ्यांस दारें लावून घेतलीं, तीं २०२२ च्या उत्तरार्धांत उघडूं लागलीं. फेब्रुवारी २०२२ मध्यें युक्रेनांत युद्ध पेटलें आणि हजारों भारतीय विद्यार्थी जीव घेऊन परतले. त्याच वर्षीं जुलैमध्यें राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें ठरविलें कीं, अखेरच्या वर्षांतून परतलेल्या आणि ३० जूनपर्यंत अभ्यासक्रम पुरा केल्याचा दाखला मिळालेल्या विद्यार्थ्यांस येथील चाळणी परीक्षेस बसूं द्यावें; मात्र उत्तीर्ण झाल्यावर त्यांनीं एकाऐवजीं दोन वर्षें रुग्णालयांत उमेदवारी करावी. यावर अन्यायाची ओरड झाली. आमच्या मतें हा नियम कठोर नव्हता, अपुरा होता.

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, साहित्याचा अध्यापक आहे. २०२० सालीं त्यानेंही पडद्यावरून व्याख्यानें दिलीं, आणि काव्याचा अर्थ त्या वाटेनें बराचसा पोंचतो, हें त्यानें अनुभविलें आहे. औषधांचे गुणधर्मही पोंचतील. पण वाढलेली पाणथरी बोटांस कशी लागते, दुखरें पोट हाताखालीं फळीसारखें केव्हां ताठरतें, सुईपुढें निसटणारी तान्ह्या मुलाची शीर कशी धरावी, हें ज्ञान हाताचें आहे. तें चुकतमाकत येतें, आणि चुकणारा हात शेजारीं उभ्या असलेल्या गुरूनें तत्क्षणीं धरावा लागतो. पडद्यावरच्या गुरूला हात नसतात! शिवाय रोगी पुस्तकी भाषा बोलत नाहीं. ‘पोटांत कालवतें’, ‘जीव घाबरा होतो’, एवढेंच तो सांगतो. त्यांत हृदयविकार कोणता आणि नुसती भीति कोणती, हें खाटेजवळ बसल्यावांचून कळत नाहीं.

आमच्या पूर्वजांस हें ठाऊक होतें. १८४५ सालीं मुंबईस ग्रँट वैद्यकीय विद्यालय निघालें, तें जमशेटजी जिजीभाई रुग्णालयाला लागून. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं समुद्र ओलांडून अमेरिकेस गेल्या. नुसतीं पुस्तकेंच वाचावयाचीं असतीं तर तीं टपालानें येथेंही आलीं असतीं.

आतां चाळणी परीक्षा पाहा. तीनशें प्रश्न, प्रत्येकाखालीं तयार पर्याय, दीडशें बरोबर आले कीं उत्तीर्ण. त्यांत रोगी एकही नाहीं! आणि उमेदवारी म्हणजे शिक्षण नव्हे. गर्दीच्या रुग्णालयांत उमेदवार रक्त काढतो, कागद पोंचवितो, रात्री जागवितो; त्याला शिकविण्यास उसंत कोणाला? न शिकविलेलें काम दोन वर्षें करविलें, म्हणजे शिक्षण दुप्पट होत नाहीं. चुकीची संवय मात्र दुप्पट पक्की होते.

तेव्हां आमचें मागणें साधें आहे. उमेदवारीपूर्वीं या विद्यार्थ्यांस कांहीं महिने नेमलेल्या अध्यापकाच्या हाताखालीं खाटेजवळ शिकवावें आणि तेथेंच त्यांची परीक्षा घ्यावी. जो चुकेल त्याला हांकलूं नये, पुन्हां शिकवावें. साथीच्या काळांत येथील विद्यालयेंही बंद होतीं. तेथील विद्यार्थ्यांसही हाच न्याय लावावा. त्यांत कोणाचा अपमान नाहीं. शिक्षण राहून गेलें हा मुलांचा दोष नव्हे. परंतु त्याची भरपाई रोग्यानें आपल्या देहानें कां करावी?

‘आणखी काय हवें’ असें विचारणाऱ्या पालकांस आम्ही एवढेंच विचारतों: मध्यरात्रीं आपल्या वृद्ध वडिलांच्या छातींत कळ आली, तर ज्याचा हात आजवर कोणीही धरून शिकविला नाहीं, अशा तरुणाच्या हातीं आपण त्यांना निश्चिंत मनानें सोंपवाल काय?